डाव्या हाताचा छाप

"नव्वद दिवस दिसला नाही ना? मग काढला. यात आपली काय चूक?" कंप्युटरातून पुरुषाचा आवाज आला आणि नवशीच्या हातातला पेला बशीच्या कडेवर आपटला. चहा बशीत सांडला, बशीतून लुगड्यावर. एरवी हे कुणा सुनेच्या हातून झालं असतं तर नवशी तिच्या माहेरापर्यंत जाऊन आली असती. आज तिने पेला बाजूला सरकवला. डोळ्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस होता. नाकावर काळा चष्मा. वाकायचं नाही, डोकं धुवायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईने बजावलेलं. जव्हारच्या ह्या भाड्याच्या खोलीत दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून ती दिवसभर ऐकत बसायची. वळणावर गियर बदलणारी एस्टी, खालची पिठाची गिरणी, नातीच्या बोटांखालची टकटक. दिसणं कमी झालं की ऐकणं वाढतं, आणि ऐकणं वाढलं की माणसाला नको ते ऐकू येतं. तिने पदराने लुगडं पुसलं आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून विचारलं, "कोणाला काढला गं?" योगिताने कंप्युटरवर कसलंसं बटण दाबलं, तिकडचा आवाज थांबला. "माणसाला नाय आजी. सर्व्हरला." मग बटण पुन्हा दाबून ती त्या आवाजाला म्हणाली, "हो सर, ऐकतेय."

सर्व्हर म्हणजे काय ते नवशीला माहीत होतं. दोन वर्षांमागे पोरीला ऐरोलीत नोकरी लागली तेव्हा नवशीने तिला समोर बसवून सगळं वदवून घेतलं होतं, खोडाळ्याच्या बाजारात कोणी विचारलं तर अडखळायला नको म्हणून. एक मोठं मशीन असतं, कपाटाएवढं, त्याला मेनफ्रेम म्हणतात. त्याच्या पोटात शेकडो लहान मशिनं, पण ती लोखंडाची नाहीत, नुसती मांडलेली, एका मांडवात दहा चुली मांडाव्यात तशी. त्यांचं सामान मात्र त्यांच्यापाशी नसतं. ते वेगळ्या कोठारात. मधे रस्ता. प्रत्येकाला आपापला नंबर. रस्त्याच्या नाक्यावर नंबर बघतात, कोठाराच्या दाराशी पुन्हा बघतात, आणि ज्याचं जे, त्याला तेवढंच दिसतं. शेजारी दुसऱ्याचं सामान खच्चून भरलेलं असलं तरी ह्याच्या लेखी ते नाहीच. "आणि कोणाला काय दिसायचं ते कोण ठरवतं?" नवशीने विचारलं होतं. "ठरवतात वरचे. लिहिते मी," योगिता म्हणाली होती. नवशीला तेवढं पुरलं. पुढच्या बाजारात तिने सांगून टाकलं, माझी नात बँकेच्या कणग्या राखते. जिवा वाण्याने हसून विचारलं, "मग पगारात भात देतात का, नवशीबाय?" "देतात. तुला कोंडा ठेवायला सांगू का?" ती म्हणाली होती, आणि सगळा बाजार हसला होता. चार इयत्ताही न शिकलेल्या बाईने इतकं मोठं काम एका शब्दात पकडलं, याचा तिला अजून अभिमान होता. कणगी. आता तोच शब्द तिला नकोसा झाला होता.

कारण कणगी तिला शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या पाड्यावर दिवाळी झाली, भात झोडून झालं, की अर्ध्या घरांना कुलपं लागायची. बायामाणसं वीटभट्टीला जायची, होळीला परतायची. मागे राहायची ती म्हातारी आणि कणग्या. जाणारी बाई निघायच्या सकाळी आपल्या कणगीचं, भाताच्या त्या बांबूच्या कोठीचं, खालचं तोंड चिंध्यांच्या बोळ्याने बंद करायची, वरून शेणमाती लिंपायची, आणि ओलं असतानाच त्यावर आपला उजवा पंजा दाबायची. तो छाप वाळला की झालं. ती येईपर्यंत तो कोणी फोडायचा नाही. सासूने नाही, नवऱ्याने नाही. घरात उपास पडला तर शेजारी मागायला जायचं, पण गेलेल्या बाईचा छाप फोडायचा नाही. उंदराने फोडला तर उंदराचं पाप उंदराला. नवशी आपल्या घराची कर्ती. तिचा पंजा सगळ्यांना ठाऊक होता, कारण त्यात पहिल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी विळ्याखाली गेलेलं. साडेतीन बोटं आणि एक अंगठा. पाड्यावरची पोरं म्हणायची, नवशी आजीची सही. त्या सहीपुढे कोणी हात घालत नसे. आणि ती सही तिने एकदा दुसऱ्या कुणाच्या कणगीवर केली होती. त्याला बावीस वर्षं झाली. ह्या बावीस वर्षांत तिने त्या गोष्टीकडे पाहिलं नव्हतं असं नाही. पण घराच्या मागल्या बाजूला जावं आणि काम उरकून परतावं तसं, लगबगीने.

कंप्युटरात योगिताचा साहेब, तो हेमंतसर, बोलतच होता. त्याचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. योगिताच्या कानात घालायच्या यंत्राची वायर तुटली होती, म्हणून त्याचं बोलणं खोलीभर सांडत होतं. नवशीला सगळं कळत नव्हतं, पण भांडण कळायला भाषा कुठे लागते. जूनमध्ये न दिसणाऱ्या नंबरांची यादी निघाली. योगिताने दारं बंद केली. जागा दुसऱ्याला दिली. दुसऱ्याने पुसून आपलं भरलं. आणि ह्या सोमवारी तो जुना सर्व्हर जागा झाला, आपल्या नंबराने कोठारावर गेला, तर तिथे त्याचं काहीच नाही. मग हेमंतसर हळू आवाजात म्हणाला, "हे बघ योगिता, रिपोर्टमध्ये एवढंच लिही, संबंधित विभागाकडून उत्तर आलं नाही. संपलं. संध्याकाळपर्यंत पाठव." तिकडचा आवाज तुटला. गिरणी चालू झाली. योगिता भिंतीकडे बघत बसली. पोरीची ती पाठ. पुंजा असाच बसायचा, खांदे वर चढवून, मार खाल्लेल्या कुत्र्यासारखा. नवशीचा थोरला. त्याची आठवण आली की नवशीला त्याचं तोंड आधी दिसत नसे, पाठच दिसे; दिवाळीनंतरच्या पहाटे भट्टीच्या टेम्पोत चढतानाची. बायको सकू मागून, तिच्या कडेवर ही योगिता, चार वर्षांची.

"कसला होता तो? झोपलेला?" नवशीने विचारलं.

"हयातीच्या दाखल्याचा," योगिता म्हणाली. "रिटायर झालेली माणसं असतात ना, त्यांनी दर नोव्हेंबरात सांगायचं, आम्ही जित्ते आहोत. मग पेन्शन चालू राहतं. ते तपासायचं काम त्याचं. बाकी वर्षभर त्याला बंद ठेवतात. बंद असला की त्याचा नंबर रस्त्यावर दिसत नाय. आमच्या यादीला वाटलं, मेला."

"यादीला काय वाटतं? यादीला काय पोट हाये?"

"मलाच वाटलं मग." ती वळली. "नाय आजी. मला वाटलंसुद्धा नाय. उत्तर आलं होतं."

नवशीने चष्मा वर सरकवला, डॉक्टरीणबाईने नको सांगितलं असूनही. उजेड सुईसारखा आत गेला.

"त्या खात्यात एक कारकून बाई हाये. वीस वर्षं तिथंच. तिने लिहिलं होतं, नोव्हेंबरात लागेल, काढू नका. पण मुदत सरून दोन दिवस झाले होते. जागा देऊन टाकली होती मी. परत मागायची तर दहा जणांच्या पाया पडावं लागलं असतं, वर बोलणी. मी वाचलं आणि ठेवून दिलं. म्हटलं, नोव्हेंबर कुठे आलाय." तिने ती तुटकी वायर बोटाला गुंडाळली. "आज सकाळी सगळ्यांसमोर त्या बाईला विचारलं, तू कळवलं का नाहीस. ती म्हणाली, मला वाटतं मी कळवलं होतं, पण विसरलेही असेन, माझं हल्ली काय खरं नाय. आजी, तिचा स्वतःवरचा भरवसा गेला. आणि मी तिथं गप्प."

"मग गप्पच राहा," नवशीच्या तोंडून गेलं. बावीस वर्षांच्या सवयीने गेलं, तयार, धार लावून ठेवल्यासारखं. "कोणाला काय कळतंय? तो साहेब स्वतः सांगतोय तर तुला काय भूत लागलंय? नोकरी जाईल, मग भट्टीवर जाशील, थापशील विटा." बोलून झालं आणि शेवटचा शब्द खोलीत उभा राहिला. विटा. खाली रस्त्यावर एक टेम्पो थांबला होता, पोरांचं रडणं, भांड्यांची आदळआपट, कोणीतरी हिंदीत ओरडत होतं, जल्दी करो, जल्दी. दिवस तेच होते. भट्टीचे मुकादम पाड्यापाड्यावरून माणसं उचलत होते.

बावीस वर्षांमागे त्या होळीला सगळे आले, पुंजा आणि सकू आले नाहीत. होळीच्या दुसऱ्या दिवशी पाड्यावरचा लहान्या खोडाळ्याच्या बाजारात भेटला, त्यांच्याच भट्टीवरून आलेला, अंगावर अजून लाल धूळ. म्हणाला, "नवशीकाकी, पुंजाला ताप हाये, उतरत नाय. सकूने सांगितलंय, उशीर होईल, पण आमची कणगी राखा. तेवढंच हाये आम्हाला." नवशीच्या हातात तेव्हा हळदीची पुडी होती. हळदीचा तो वास तिला अजून येतो, भाजीला फोडणी घालताना कधीमधी, आणि मग ती उगाच कुणावर तरी ओरडते. हळद होती धाकट्या जगनच्या लग्नाची. वऱ्हाड मोठं येणार होतं, मोखाड्याकडचं, नाक वर असलेलं, आणि तिला त्यांच्या नाकावर टिच्चून वाढायचं होतं. घरातला भात कमी पडत होता. शेजारी मागायचं म्हणजे नवशीने मागायचं. तिने लहान्याला म्हटलं, "बरं." एवढंच. आणि दोन दिवसांनी सगळी रानात गेलेली असताना तिने सकूच्या छापावर पहिला घाव घातला. शेणमातीचा कडकन आवाज झाला. सकूचा पंजा लहान होता, पोरीसारखा, तो चार तुकड्यांत खाली पडला. लग्न झालं. वऱ्हाड जेवून तृप्त झालं. लोक म्हणाले, नवशीने करावं तर असं. मग तिने रिकाम्या कणगीचं तोंड पुन्हा लिंपलं आणि त्यावर स्वतःचा पंजा दाबला. रिकाम्यावर का दाबला? ह्याचं उत्तर तिने कधी शोधलं नव्हतं. कदाचित उघडं तोंड बघवत नव्हतं म्हणून.

सकू आषाढात आली. एकटी, पोर कडेवर. पुंजा तिकडेच गेला होता, तिकडेच जाळला होता. सकू आधी कणगीपाशी गेली. रडायच्याही आधी. तिने त्या साडेतीन बोटांच्या छापावर हात ठेवला, मग बोटाने कणगी वाजवली, एकदा, आणि पोकळ आवाज आला. नवशी दारात उभी होती. पोटचा पोर गेल्याचं तिला त्याच क्षणी कळलं होतं आणि ते दुःख कुठेतरी ओतायला हवं होतं, तर ते तिने समोर होती तिच्यावर ओतलं. "तू नेलंस त्याला. होळीला यायचं होतं, आला असता तर जगला असता. जो येत नाय त्याचा वाटा नाय. पोर आमच्या रक्ताची, ती इथं खाईल. तू तुझं बघ." सकूने निरोपाचं नाव काढलं नाही. लहान्याला बोलावून साक्ष काढली असती तर पाडा तिच्या बाजूने उभा राहिला असता. नवशीला ते ठाऊक होतं आणि ती त्याची वाट बघत होती, जीभ परजून. पण सकूने एवढंच विचारलं, "इथं खाईल ना?" आणि पोरीला ओट्यावर बसवून ती माहेरी गेली, वांगणीला. पोर रडली नाही. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता. पुढे ती विचारायला लागली तेव्हा नवशीने सांगितलं, तुझी आय तुला टाकून गेली. आधी एकदा सांगितलं, मग दर वर्षी सांगितलं, मग सांगायची गरज उरली नाही. आश्रमशाळेत भेटायला येणाऱ्यांची नावं लिहून घेत होते तेव्हा तिने दोनच नावं दिली, आपलं आणि जगनचं. एकदा शिपाई म्हणाला होता, कोणी बाई फाटकाशी आली होती, उकडलेले कंद घेऊन, यादीत नाव नव्हतं म्हणून परत पाठवली. नवशी म्हणाली होती, बरं केलं.

"काय लिहू?" योगिताने विचारलं. ती तिला विचारत नव्हती, भिंतीला विचारत होती.

नवशीच्या डोळ्यातून पाणी येत होतं. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, येईल, पुसू नका. तिने पुसलं नाही. "निरोप आला होता मलाबी," ती म्हणाली.

"कसला?"

"तुझी आय तुला टाकून नाय गेली."

मग तिने सांगितलं. नीट सांगता आलं नाही. हळदीपासून सुरू झालं, मग वऱ्हाड, मग मागे फिरून लहान्या, मग ताप. मधेच ती त्या मोखाड्याच्या व्याह्यांना शिव्या देऊ लागली आणि स्वतःच थांबली. योगिता रडेल असं तिला वाटलं होतं. ओरडेल, खोलीतून निघून जाईल. तिने तशी तयारीही केली होती, उत्तरंही होती. पण योगिता उठून तिच्यासमोर फरशीवर बसली आणि प्रश्न विचारू लागली, एकामागून एक, सपाट आवाजात, आत्ताच त्या हेमंतसराने तिला विचारले होते तसे. निरोप कधी आला? कोण घेऊन आला? काय शब्द होते? तू काय म्हणालीस? छाप फोडला तेव्हा तुला ठाऊक होतं ना? नवशी एकेकाचं उत्तर देत गेली. होळीच्या दुसऱ्या दिवशी. लहान्या. आमची कणगी राखा. बरं म्हटलं. होतं. उभ्या आयुष्यात तिला कोणी असे प्रश्न विचारले नव्हते. शिवीला शिवीने तोंड देता येतं; ह्याला देता येत नव्हतं. शेवटी योगिताने विचारलं, "ती कुठं हाये आता?" आणि नवशी म्हणाली, "वांगणीला असंल." असंल. जव्हारपासून जीपने जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि बावीस वर्षांत तिने कुणालाही विचारलं नव्हतं की ती बाई जित्ती आहे की नाही.

योगिता कंप्युटरपाशी गेली आणि लिहू लागली. टकटक बराच वेळ चालली. ती मशिनाबद्दल लिहितेय की आपल्याबद्दल, हे नवशीला कळेना, आणि विचारायची छाती होईना. बटण दाबल्याचा शेवटचा आवाज आला. तेव्हा नवशीने विचारलंच, "काय लिहिलंस?" "उत्तर आलं होतं. मी वाचलं होतं. त्या बाईची चूक नाय." मग ती म्हणाली, "सकाळी वांगणीला जाऊ. तूबी ये." त्यात बोलावणं नव्हतं, हुकूम होता. घरात इतकी वर्षं हुकूम नवशीचे चालले होते. ती उठली आणि आपली पिशवी भरू लागली.

जीपमध्ये योगिताचा फोन दोनदा वाजला. वावर गावाच्या पुढे रस्ता असा होता की फोन कानाला लागत नव्हता, पण ती बोलत होती. हो सर. माझं नाव असू दे सर. फोन ठेवल्यावर नवशीने विचारलं, "सापडलं का त्याचं काय?" "जुनी प्रत सापडली, दोन वर्षांमागची. त्यावरून उभा करतायत." "मग झालं तर." "मधली दोन वर्षं नायत त्यात. कोण मेलं, कोण नवीन आलं. कागद बघून हाताने भरतील, जमंल तेवढं." योगिता बाहेर बघत होती. कापलेल्या भाताचे सड, त्यावर बगळे, डोंगराच्या उतारावर पिवळी पडलेली नागलीची खाचरं. सकूला न दिसलेली वर्षं नवशीने मनात बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. शाळेत पहिला नंबर आला ती वेळ. पहिल्यांदा न्हाण आलं ती वेळ. तेव्हा पोर वसतिगृहात होती आणि कोणी तिला काही सांगितलं नव्हतं. ऐरोलीला जाताना नवी पिशवी. हे कोणत्या कागदावर बघून भरायचं. नवशीने मोजणं सोडून दिलं.

वांगणीत सकूच्या घराला कुलूप होतं. शेजारची रुपी अंगणात सूप पाखडत होती. ती म्हणाली, "भट्टीला गेली. परवा टेम्पो आला. होळीला येतील आता." कुठल्या भट्टीला ते तिला सांगता आलं नाही, भिवंडीकडे, वसईकडे, मुकादम नेईल तिकडे. योगिताने आपलं नाव सांगितलं. रुपीचं सूप थांबलं. ती पोरीकडे कपाळापासून पायापर्यंत बघत राहिली, मग घरात गेली आणि किल्ली घेऊन आली. कुलूप काढून तिने योगिताला आत नेलं. नवशी दाराशी थांबली. बाहेरच्या उजेडातून आतलं काही दिसेना, म्हणून तिने चष्मा काढला. हळूहळू कोपरा दिसू लागला. दोन कणग्या. एक मोठी, एक तिच्या कुशीला, लहान. दोन्हींची तोंडं लिंपलेली, दोन्हींवर पंजा. शेणमाती अजून पुरती वाळली नव्हती, वास येत होता.

"ही मोठी तिची," रुपी म्हणाली. "उजव्या हाताचा छाप तिचा. ही लहान पोरीची. पोर इथं नाय, तर डावा हात दाबते. दर दिवाळीला भरते. आम्ही हसायचो, म्हणायचो अगं कोण खाणार? ती म्हणायची, आली आणि रिकामं दिसलं तर? होळीनंतर फोडते, बियाणं म्हणून वाटून टाकते, परत भरते." ती योगिताला म्हणाली, "तुझी हाये. फोडायची तर फोड."

योगिता वाकली. तिने आपला डावा हात त्या छापाजवळ नेला, टेकवला नाही. "नको," ती म्हणाली. "ती येऊ दे."

मग रुपीचं लक्ष दाराकडे गेलं. उंबऱ्याबाहेर, उन्हात, एक म्हातारी उभी होती, हातात काळा चष्मा, डोळ्यातून पाणी गळतंय. पाड्यापाड्यावर जिचं नाव सांगावं लागत नसे. रुपीने दारात येऊन तिला निरखलं आणि विचारलं, "म्हातारे, तू कोण यांची?"

नवशीने उजवा हात पदराखाली घेतला. उत्तर तोंडाशी होतं, नेहमीचं, मोठ्या आवाजाचं. आतून योगिता काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. योगिता बोलली नाही. रुपी दारातून बाजूला झाली नाही.